खडकीचं काडतूस, कोकणातली बंदूक

बारा बोअरच्या काडतुसाचं पितळी बूड उजेडात धरलं, तर मधल्या टोपीभोवती ठोकलेला शिक्का दिसतो: केएफ. किरकी फॅक्टरी. इंग्रजांची किरकी म्हणजे आपली खडकी. तिथली दारूगोळा फॅक्टरी १८६९ सालची. दोन महायुद्धं, चीन आणि पाकिस्तानशी झालेल्या लढाया, एवढं सगळं तिने पाहिलं. पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंब्याच्या कलमवाल्याला तिची ओळख आहे ती दुकानातून पिशवीत घालून आणलेल्या ‘शक्तिमान’च्या डब्यामुळे. सैन्यासाठी उभारलेल्या कारखान्याने साध्या माणसाला काय विकलं, किती विकलं आणि काय विकलं नाही, या बाजूने त्याची वाटचाल कुणी फारशी लिहीत नाही. गौरवग्रंथात तोफांचे फोटो शोभतात, माकडं हाकायची काडतुसं शोभत नाहीत.

खडकी निवडली त्याला कारणं होती. १८१७ च्या लढाईनंतर तिथे छावणी बसलेली होतीच, शेजारी मुळेचं पाणी होतं आणि १८५८ मध्ये पुण्यापर्यंत रेल्वे आली होती. शिवाय समुद्रापासून आत, घाटावर. कारखाना १८६० च्या दशकात निघाला यालाही अर्थ आहे. १८५७ पर्यंत शिपायाचं काडतूस म्हणजे दारू आणि गोळी बांधलेली कागदाची पुडी होती. ती दातांनी फोडायची, आणि तिला लावलेल्या चरबीवरून पुढे काय झालं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. १८६० नंतर मागून भरायच्या स्नायडर बंदुका आल्या आणि त्यांना धातूचं काडतूस लागू लागलं. पुड्या हातांनी वळता येत होत्या, धातूच्या काडतुसाला यंत्र हवं.

रायफलीच्या काडतुसाची नळी घडते कशी, हे बघण्यासारखं आहे. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असलेल्या पितळेच्या पत्र्यातून नाण्याएवढी जाड चकती कापतात. दाबयंत्राखाली तिची वाटी होते. ती वाटी पुढच्या यंत्रात ओढतात, मग त्याच्याही पुढच्या, आणि दर ओढीला भिंत पातळ होत नळी लांबते. पितळ ओढलं की कडक होतं, तसंच पुढे रेटलं तर चिरतं. म्हणून दोन ओढींच्या मध्ये ते भट्टीत तापवून मऊ करावं लागतं. मग बूड ठोकून शिक्का, टोपी बसवायचा खळगा, तोंडाशी आवळलेली मान. आत टोपी, दारू, वर गोळी. बारा बोअरला पितळ फक्त बुडाशी, वर कागदाची नळी आणि आत छर्रे. आता कागदाच्या जागी प्लॅस्टिक आलं. कोकणाच्या दृष्टीने कारखान्यातली ही सर्वांत मोठी सुधारणा, कारण जुनी कागदी काडतुसं पावसाळ्यात ओल धरून फुगायची आणि ऐन वेळी नळीत शिरायचीच नाहीत.

कारखाना निघून नऊ वर्षं झाली आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा आला. देशी वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही त्याच सालचा. लिटनला दोन्हींची भीती सारखीच वाटत असावी. हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना लागू लागला, गोऱ्याला सूट मिळाली. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून याविरुद्ध ठराव केले. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत एक होती स्वसंरक्षणासाठी शस्त्रांचे परवाने देण्याची. अहिंसेच्या पुजाऱ्याची ही मागणी आज बऱ्याच जणांना ऐकूनही माहीत नसते.

त्या काळातल्या खडकीत मुख्य काम .३०३ च्या काडतुसांचं. बुडावर के आणि एफच्या मध्ये सरकारी बाण. पहिल्या महायुद्धात मागणी चढली, दुसऱ्यात त्याहून जास्त. १९४० मध्ये शेजारीच स्फोटकांचा वेगळा कारखाना उभा राहिला. आजूबाजूला बोपोडी, दापोडी, रेंज हिल्स अशा वस्त्या या कारखान्यांच्या भोंग्यावर चालू लागल्या.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, कायद्यामागचा संशय राहिला. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रं आणि दारूगोळा सरकारकडे राखून ठेवला. खाजगी कारागिराला उरल्या ठासणीच्या आणि साध्या एकनळी-दुनळी बंदुका, त्याही ठरवून दिलेल्या संख्येत. बिहारातलं मुंगेर आणि तिकडे जम्मू ही या धंद्याची जुनी ठिकाणं. मग १९५९ चा शस्त्र कायदा झाला आणि १९६२ च्या ऑक्टोबरात अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमात एक पोटकलम आहे, ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यासाठीच लिहिलंय की काय असं वाटावं. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. आणि ठासणीची पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत, दुसरी बंदूक द्यावी. कोकणातला ‘शेती संरक्षण परवाना’ तो हाच.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे आता सांगायलाच हवं. नळीच्या तोंडातून मापाने काळी दारू ओतायची, वर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, गजाने ठासायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज. बुडाकडच्या बोंडीवर केप बसवायची आणि घोडा मागे ओढून ठेवायचा. एवढं होईपर्यंत रानडुक्कर भाताचा कोपरा लोळवून पलीकडच्या व्हाळात उतरलेलं असतं. पावसात केप भिजली तर नुसता ‘टक’ असा आवाज. कायदा करणाऱ्याने ठासणीची बंदूक मुद्दाम निवडली होती, कारण तिच्यातून मिनिटाला एखादाच बार निघतो आणि तिने बंड करता येत नाही. डुकराचा बंदोबस्तही धड करता येत नाही, ही गोष्ट पोटकलमातल्या त्या दुसऱ्या वाक्याने कबूल केली आहे. ‘अधिकाऱ्याची खात्री पटली तर’ या अटीवर कोकणातल्या कित्येक घरांची एकनळी काडतुसाची बंदूक टिकून आहे. आणि तिच्यासाठीच ते केएफचं काडतूस.

लष्करी धर्तीच्या रायफलीचं काय? तिथे कायद्याने रेघ मारली ती बोअरवर, म्हणजे नळीच्या मापावर. १९६२ च्या नियमांत लिहून ठेवलं, की .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची, किंवा सैन्याचं तेवढ्या मापाचं काडतूस ज्यात बसून उडेल अशी कोणतीही रायफल निषिद्ध, ९ मिलिमीटरची, .४५५ ची पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर निषिद्ध. चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात असं हत्यार तर कायद्याच्या व्याख्येतच निषिद्ध. २०१६ च्या नव्या नियमांतही अर्धस्वयंचलित रायफली त्याच कोठ्यात आहेत. बंदूक दिसते कशी, पकड कशी आहे, याच्याशी आपल्या कायद्याला फारसं देणंघेणं नव्हतं. शिपायाचं काडतूस नागरिकाच्या बंदुकीत आणि नागरिकाचं शिपायाच्या बंदुकीत जाऊ नये, चोरलेल्या मालाचा उपयोग होऊ नये, एवढाच साधा पोलिसी विचार.

त्या विचारातून एक गमतीदार वस्तू जन्माला आली: .३१५ ची स्पोर्टिंग रायफल. बंगालातल्या इछापूरची रायफल फॅक्टरी १९०४ सालची. दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायाच्या खांद्यावर जी ली-एनफील्ड होती, ती तिथे बनायची. सैन्याने पुढे नवी शस्त्रं घेतली, तेव्हा इछापूरने त्याच ली-एनफील्डचा खटका, तीच बोल्टची घडण ठेवून आठ मिलिमीटरची नळी बसवली आणि ती परवानाधारकांना विकायला काढली. आठ मिलिमीटरचं काडतूस सैन्य वापरत नाही, म्हणून कायद्याला हरकत नाही. लष्करी रायफलीचा भारतातला नागरी अवतार तो हाच: हाताने बोल्ट ओढायचा, एकेक गोळी झाडायची, सांगाडा महायुद्धातला. हिची काडतुसं खडकीची. बुडावर ‘८ एमएम केएफ’.

आणि इथे कायद्याची हुशारी तोंडावर आपटली. उत्तर प्रदेश-बिहारात .३१५ च्या रायफली हजारोंनी गेल्या. मागोमाग काडतुसं आली, आणि काडतुसं आली म्हणून गावठी कट्टे बनवणाऱ्यांनी कट्ट्याची नळी त्याच मापाची केली. तिकडच्या खुनाच्या खटल्यांची निकालपत्रं चाळा, पंचनाम्यात ‘८ एमएम केएफ’ची पुंगळी पुन्हा पुन्हा भेटते. सैन्याच्या काडतुसाला कुंपण घातलं, तर गुन्हेगाराने कुंपणाबाहेरचं उचललं. आपल्याकडे हे त्या प्रमाणात झालं नाही. कोकणात रायफल फारशी कुणी मागितलीच नाही. झाडावरच्या वानराला आणि वरीच्या शेतातल्या डुकराला छर्रे पुरतात, आणि डोंगरउतारावर, वाडीला लागून वाडी असताना मैलभर जाणारी गोळी कुणाला हवी?

अमेरिकेत याच काळात उलटी गंगा वाहिली. आर्मालाइट कंपनीने एआर-१५ चं डिझाइन १९५९ मध्ये कोल्टला विकलं. सैन्याने तिची एम-१६ केली आणि कोल्टने १९६० च्या दशकातच तिची अर्धस्वयंचलित आवृत्ती दुकानात मांडली. १९७७ मध्ये पेटंटची मुदत सरली, तशी कुणीही ती बनवू लागला. १९९४ मध्ये दहा वर्षांची बंदी आली. पण ती पकडीवर, दुमडत्या दस्त्यावर, संगिनीच्या खाचेवर, म्हणजे दिसण्यावर बेतलेली. कारखानदारांनी एखादा अवयव काढून तीच रायफल विकली. २००४ मध्ये बंदीही संपली. मग धंद्याने शिकाऱ्याचा नाद सोडून सैनिकासारखं वाटावंसं वाटणाऱ्या तरुणाकडे मोर्चा वळवला. २०१२ मध्ये न्यूटाउनच्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी रायफल बनवणाऱ्या रेमिंग्टनवर दावा लावला तो बंदुकीवर नव्हे, तिच्या जाहिरातीवर, आणि २०२२ मध्ये विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलर मोजून तो मिटवला. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या समितीने हिशेब मांडला: पाच कंपन्यांनी दहा वर्षांत या जातीच्या रायफलींवर एक अब्ज डॉलरहून जास्त कमावले.

खडकी आणि इछापूरने जाहिरात म्हणून काही केलीच नाही. ग्राहकाने अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि वाट बघायची. विक्रेत्यालाही माल मिळायचा तो वाटपाने. १९८० च्या दशकात परदेशी बंदुकांची सर्वसाधारण आयात बंद झाली, तशी सरकारी मालाला स्पर्धाही उरली नाही आणि आजोबांच्या जुन्या विलायती दुनळीची किंमत दागिन्यासारखी चढत गेली. सरकारी कारखान्याची बेपर्वाई म्हणून आपण याला नावं ठेवतो, मीही ठेवतो. पण गिऱ्हाइकाच्या मागे न लागणारा बंदूकवाला आणि त्याला मर्दानगीची आमिषं दाखवणारा बंदूकवाला यांतून निवडायचं झालं, तर मी खडकीच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहीन.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे हौशी शिकार संपली. नागरी विक्रीचं अर्धं कारणच गेलं. कोकणात मात्र यातून विचित्र अवस्था झाली. परवाना आहे पिकाच्या राखणीचा, पण पीक खाणाऱ्या वानराला किंवा डुकराला मारायचं तर वनखात्याची वेगळी परवानगी हवी. म्हणजे बंदूक कायदेशीर, काडतूस कायदेशीर, नेम बेकायदेशीर. बहुतेक बागायतदार हवेत बार काढून हुसकावतात. वानरंही काही खुळी नाहीत. पहिल्या बाराला पळतात, आठवड्याभराने मान वळवून बघतात. आंब्याच्या बागांत राखणीला ठेवलेले नेपाळी गडी आता गलोल आणि प्लॅस्टिक पाइपात कार्बाइड घालून उडवायची नळी वापरतात. ती स्वस्त आहे, परवाना लागत नाही, डोळ्याला इजा मात्र करू शकते. याच्या पलीकडचे उद्योगही चालतात: फासक्या, खाण्यात लपवलेले गावठी बॉम्ब. फासकीत डुकराऐवजी बिबट्या सापडला की मग सगळ्यांची धावपळ.

त्यात निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. सरसकट जमा करू नये, छाननी समितीने एकेक परवाना तपासून ठरवावं असं कागदावर आहे. गावात निरोप येतो तो ‘बंदूक आणून द्या’ एवढाच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचं मतदान २०१९ मध्ये २३ एप्रिलला झालं, २०२४ मध्ये ७ मेला. हापूसचा भर याच दिवसांत असतो. ज्या हंगामासाठी बंदूक घेतली त्याच हंगामात ती ठाण्याच्या खोलीत चिठ्ठी बांधून उभी. नोव्हेंबरात निवडणूक आली तर भाताची मळणी उरकलेली असते, तेवढं बरं.

परवान्याचे नियमही घट्ट होत गेले. पूर्वी संख्येवर मर्यादा नव्हती. १९८३ मध्ये माणशी तीन, २०१९ मध्ये दोन. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तिनाची पाच वर्षं केली, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीचे काही हेलपाटे वाचले. २०१६ पासून नव्या अर्जदाराला शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. हे चांगलंच झालं. भरलेली बंदूक खांद्याला लावून कुंपणावरून उडी मारणारे लोक प्रत्येक गावात असतात.

खडकीच्या आतल्या कहाणीला रत्नागिरीचा एक धागा आहे. संरक्षण कारखान्यांतल्या कामगारांची देशव्यापी संघटना बांधण्यात एस. एम. जोशींचा मोठा वाटा. एसेम यांच्या घराण्याचं मूळ गाव रत्नागिरीजवळचं गोळप. समाजवादी, राष्ट्र सेवा दलातला माणूस काडतुसं करणाऱ्यांचा पुढारी व्हावा, यात त्यांना विसंगती वाटली नसावी. पितळ ओढणारा कामगार हा कामगारच. अखिल भारतीय संरक्षण कर्मचारी महासंघाचं कार्यालय आजही खडकीतच, एसेम यांच्या नावाच्या इमारतीत आहे.

त्या महासंघाची मोठी लढाई अलीकडची. केंद्राने ४१ आयुध कारखान्यांचं मंडळ मोडून कंपन्या करायचं ठरवलं. संघटनांनी बेमुदत संपाची नोटीस दिली. सरकारने २०२१ मध्ये अध्यादेश आणि मग कायदा करून संपालाच बंदी घातली. १ ऑक्टोबर २०२१ ला मंडळ गेलं, सात कंपन्या आल्या. दोनच आठवड्यांनी, दसऱ्याला, पंतप्रधानांनी त्या राष्ट्राला अर्पण केल्या. मुहूर्त शस्त्रपूजनाचा साधला होता. खडकी गेली म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे. कंपनीचं मुख्यालय पुण्यातच, हाताखाली बारा कारखाने. इछापूर गेलं कानपूरच्या दुसऱ्या कंपनीकडे. म्हणजे बंदूक एका कंपनीची, काडतूस दुसरीचं. आता नफा दाखवायचा आहे, आणि नफा आहे तोफगोळ्यांच्या निर्यातीत. युक्रेनच्या युद्धाने १५५ मिलिमीटरच्या गोळ्याला जगभर भाव आला. छर्ऱ्याच्या काडतुसाची तिथे गणतीच नाही.

खाजगी उद्योगाला शस्त्रनिर्मितीचं दार २००१ मध्ये उघडलं होतं, २०१७ मध्ये गृहखात्याने परवान्याचे नियम आणखी सैल केले. उत्तर प्रदेशातल्या हरदोईत वेब्ली अँड स्कॉट या विलायती कंपनीचं नाव लावून .३२ चं रिव्हॉल्व्हर निघू लागलं. आणि आता खुद्द रत्नागिरी तालुक्यात, जयगडच्या वाटेवर वाटदच्या नियोजित औद्योगिक क्षेत्रात, रिलायन्स डिफेन्सने धीरूभाई अंबानी डिफेन्स सिटी जाहीर केली आहे. एक हजार एकर, दहा वर्षांत दहा हजार कोटी रुपये, स्फोटकं, दारूगोळा आणि छोटी शस्त्रं. २०२५ च्या मे महिन्यात जर्मनीच्या ऱ्हाइनमेटलशी करार झाला: वर्षाला दोन लाख तोफगोळे, दहा हजार टन स्फोटकं, दोन हजार टन प्रणोदक.

वाटद पंचक्रोशीत या भूसंपादनाला विरोध आहे, समर्थकही आहेत. गावकऱ्यांचे प्रश्न पाण्याचे, कलमांचे, स्फोटकांच्या साठ्यापासून घर किती लांब राहणार याचे आहेत, आणि ते रास्त आहेत. माझा त्यात एक किरकोळ प्रश्न आहे. या कारखान्यातून परवानाधारकाला विकण्यासारखं काही निघणार आहे का, आणि निघणार असेल तर कोण विकणार, कसं विकणार? खाजगी कंपनी वाटपाच्या यादीवर समाधानी राहील असं मानायला आधार नाही. ‘छोटी शस्त्रं’ हे शब्द जाहीर प्रकल्पात आहेत, त्यांचा गिऱ्हाईक कोण ते लिहिलेलं नाही. कायदा सध्या तरी जुनाच आहे: सैन्याचं माप नागरिकाला नाही, अर्धस्वयंचलित रायफल नाही, माणशी दोन. तो बदलावा म्हणून दिल्लीत खेटे घालायला खडकीला कधी कारण नव्हतं. भागधारकांना उत्तर देणाऱ्या कंपन्यांना ते असू शकतं.